वाक्यात उपयोग करा

प्रश्न तिसरा, उपप्रश्न आ :
खाल्ल्या मिठाला जागणे.
अर्थ लिहून वाक्यात उपयोग करा. गुण दोन.

सहामाहीचे बेचाळीस पेपर.
सोलापूरचा ऑक्टोबर, पंखा गरम हवाच ढवळत बसलेला,
मनगटाखाली कागद ओला होतोय.
एकेचाळीस पोरांनी लिहिलंय
मी फळ्यावर दिलेलं तेच :
कृतज्ञ राहणे. सेवक राजाच्या खाल्ल्या मिठाला जागला.
एकेचाळीस सेवक जागले.
एकेचाळिसांना दोन दोन.

बेचाळिसावा पेपर रजिता गुंडेटीचा.
अर्थ : झोप येऊ न देणे.
वाक्य : पप्पा रात्रपाळीत दोन वाजता
जिभेखाली खडेमीठ ठेवतात
आणि खाल्ल्या मिठाला सकाळपर्यंत जागतात.

मी शून्य दिलं.
चहा घेतला.
तरी ते वाक्य उठेना पुढ्यातून.

व्याकरणात कुठं चुकलंय, शोधलं. नव्हतं.
मग कोश काढला, वाळवी लागलेला, सासऱ्यांचा.
मीठ : मूळ संस्कृत मृष्ट. रुचकर, गोड.
म्हणजे कधीकाळी कुणीतरी
खारट चिमटीला गोड म्हणालं
आणि आपण ते निमूट म्हणत आलो.
(हे वर्गात सांगितलं होतं, तेव्हा मागच्या बाकावरून मुजाहिद :
"बाई, मीठा तो हम शीरखुर्मे कू बोलते!"
वर्ग हसला, मीही.)
जागणे : निद्रारहित असणे. पुढे, इमान राखणे.
निद्रारहित आधी.
इमान नंतर आलंय, अर्धविरामाच्या पलीकडून.

आणि मीठ कुणाचं,
हे कोशात कुठंच नाही.

पेपर दाखवायच्या दिवशी मल्लेशम गुंडेटी आले,
साखर पेठेतल्या मागावरून थेट.
भुवयांत कापसाची तुसं,
उजव्या हाताचं एक बोट पेरभर कमी.
मी विचारलं मिठाचं.
लाजले. लेकीनं घरातली गोष्ट पेपरात लिहिली म्हणून.

"झोप लागली की धोटा उडतो, बाई.
एकदा उडाला. बोट गेलं ते गेलं,
चार टॉवेल खराब झाले, त्याचे पैसे कापले.
मग आमच्या शेजारच्या मागावरचा म्हातारा,
त्यानं शिकवलं. खडा ठेव.
विरघळेपर्यंत डोळा मिटत नाही.
विरघळला की दुसरा."

दिवाळीला त्यांनी मजुरी वाढवून मागितली
तेव्हा मालक म्हणाला, आपलाच माणूस,
आपल्याच तेलुगूत :
"उप्पु तिन्नं गदा, मल्लेशम?"
मीठ खाल्लंय ना रे?

"मग?"

"मी म्हटलं, खाल्लंय की, रोज रात्री खातो.
जागतोही.
पण मीठ मी घरून आणतो."

एवढं बोलून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं,
जणू कुणी ऐकलं तर पुन्हा कापून घेईल.
सही कुठं करायची विचारली.
तेलुगू वळणाच्या मराठी अक्षरांत सावकाश नाव लिहिलं.

शून्याचं दोन सहज होत नाही.
गिरवून बघितलं, खाडाखोड दिसते.
शेवटी आडवी रेघ मारली,
बाजूला दोन लिहिले, खाली माझी सही.
मुख्याध्यापक विचारतील कारण.
काय सांगू?
मुलगी बरोबर होती, मी मुहावऱ्यात होते?

आज वीज आहे, म्हणजे माग चालू आहेत.
रात्री दोनला गॅलरीत ऐकू येतं
साखर पेठेकडून, खटक-खट, खटक-खट,
कुणी दार वाजवतंय आणि आत कुणी नाहीच, असं.
स्वयंपाकघरात गेले.
बरणीतला एक खडा जिभेखाली ठेवला.

गोड काही लागला नाही.
झोप मात्र गेली.